डावा कौल

आपा गावकारांचा एक पाय चिखलात आणि एक पाय होडीच्या काठावर होता, आणि दोन्ही पाय हळूहळू एकमेकांपासून लांब चालले होते.

"हात देव काय, आपानू?" मी विचारलं.

"नको."

होडी हलली. देवाच्या मानाचा नारळ छातीशी धरून आपा होडीत बसले. खरं तर पडलेच, पण गावच्या मुख्य मानकऱ्याला 'पडले' म्हणायची आमच्याकडे रीत नाही. त्यांची एक चप्पल चिखलात राहिली ती मी उतरून काढली, धुतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. चप्पल त्यांनी घेतली. माझा हात तेवढा त्यांना चालत नव्हता, कारण या हाताने वल्ही मारावीत की नाहीत हेच विचारायला ते पलीकडे रवळनाथाच्या देवळात निघाले होते. देऊळ खाडीच्या पैल तीराला, आणि तिथे न्यायला होडी एकच. म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार देवाच्या दारात मीच वल्हवत नेऊन पोचवायची होती.

मी द्वारका तारी. आमच्या घरात तर, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी, चालवायचं काम सासऱ्याच्या आज्यापासून. माझा नवरा भिवा श्रावणात काविळीने गेला. मागे राहिलो मी, माझी सासू आणि होडी. सासू गुडघ्यांनी अधू, तिला उंबरठा ओलांडायला भिंत धरावी लागे. होडी गेली असती तर मला मुंबईला भावाच्या बिऱ्हाडी जाऊन लोकांची भांडी घासावी लागली असती, आणि म्हातारीला न्यायला त्या खोलीत जागा नव्हती. तिला कोणाच्या पदरात घालायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि गावाने ते विचारलंही नव्हतं.

भिवाचं बारावं झालं आणि तेराव्या दिवशी मी होडी पाण्यात घातली. लोक बसले. कुरकुरत बसले, पण बसले. मग दाजी परबांना धर्म आठवला. दाजींचा एक मेव्हणा बरीच वर्षं रिकामा होता, आणि धर्माची आठवण नेमकी त्याच सुमाराला व्हावी हा योगायोग.

"बायेन तर चलवची? आमच्या गावात असा कधी झाला नाय," दाजी चावडीवर म्हणाले. "शिमग्याक देव पालखीतसून ह्याच होडीत बसान अल्याड येता. देव बायेच्या होडीत बसात? आणि महिन्याचे ते चार दिवस गावान काय करूचा? पेवन खाडी ओलांडूची?"

माझी सासू घराच्या पडवीत बसून हे ऐकत होती. चावडी समोरच होती आणि म्हातारीचे गुडघे गेले होते, गळा शाबूत होता.

"दाजीनू," ती तिथूनच ओरडली, "माझो झील महिन्यातले धा दिवस पिवन पडान असायचो. तेव्हा तुमी पेवन जायत होतास? तेव्हा वल्ही कोण मारी होता?"

सगळ्या चावडीला ते ठाऊक होतं. भिवा पडलेला असला की होडी मीच चालवायची. पण नाव भिवाचं होतं, त्यामुळे कोणाच्या डोळ्याला दिसत नव्हतं. नवरा मेला आणि मी अचानक सगळ्यांना दिसायला लागले.

पुढे मग काय काय झालं. एकदा होडीचा दोर सुटला, आपोआप. मी पोहत जाऊन ती आणली. एकदा बुडाला भोक पडलं, तेही आपोआपच. भोक मात्र अगदी गोल, गिरमिटाने पाडल्यासारखं. मी कापूस आणि डांबर घालून ते बुजवलं आणि सकाळची फेरी केली. मला कोणी विचारलं की भीती नाही वाटत, तर मी म्हणायची, रवळनाथ बघतो आहे. आणि मला खरंच तसं वाटायचं. लहानपणापासून मी त्याच्या देवळाची पायरी झाडलेली. तो माझं वाईट होऊ देईल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

म्हणून शेवटी मीच चावडीवर जाऊन उभी राहिले.

"देवाक इचारा," मी म्हणाले. "कौल लावा. देव सांगात तां माका मान्य. उजवो पडलो तर परत कोणी तोंड उघडूचा नाय. डावो पडलो तर ह्या घडीक वल्ही सोडतंय."

आपांनी मान डोलावली. दाजींनी तर इतक्या उत्साहाने डोलावली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मला शंकाच येत नव्हती, इतका माझा देवावर भरवसा.

तर असे आम्ही निघालो. आपा, दाजी आणि आणखी दोन मानकरी. त्या दोघांचं काम देवाला गाऱ्हाणं घालताना मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणणं, आणि एरवीही ते फारसं वेगळं काही म्हणत नसत. भरती होती, पाणी शांत होतं. पलीकडे लागेपर्यंत दाजी मला होडी कशी चालवावी ते सांगत होते.

"होडी काय गो, कोणय हाकीत. तेका काय शाळा शिकाक लागता?"

देवळात पुरषा गुरवाने सगळी तयारी करून ठेवली होती. आमच्याकडे कौल लावतात तो असा: देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. यात गुरवालाही हात लावता येत नाही आणि गावकारालाही.

मी खालच्या पायरीवर बसले. आपांनी गाऱ्हाणं सुरू केलं. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण गाऱ्हाणं घालताना त्यांचा आवाज गाभाऱ्यात घुमायचा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भिवा ताऱ्याची बायल तर चलवता. तिणा आजपासून, ह्या घडीपासून, वल्ह्याक हात लावचो काय नाय, ह्येचो तू निवाडो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी हात जोडून उजव्या पाकळीकडे बघत होते. डावीकडे मी बघितलंच नाही. माझ्या लेखी तिथे पाकळी नव्हतीच. त्यामुळे दाजी "पडली!" म्हणाले तेव्हा माझ्या तोंडावर हसू आलं, आणि मग उजवी पाकळी जागच्या जागी दिसली.

डावी पडली होती.

पुरषाने खाली बघितलं. आपांनी एकदा माझ्याकडे बघून मान फिरवली; त्यांना फारसा आनंद झाला होता असं नाही. मला वाटलं, हा दुसराच कुठला तरी देव असेल. ज्याची पायरी मी झाडली तो हा नाही. मला रडायलासुद्धा येईना. मी उठले, पदर खोचला आणि होडीकडे चालू लागले, कारण पाय रोजच्या सवयीने तिकडेच जात होते.

ओहोटी लागली होती. मानकरी प्रसादाचे फुटके नारळ घेऊन बसले आणि मी वल्ही मारायला लागले. का मारत होते कोण जाणे. बैलाला घराची वाट दाखवावी लागत नाही तसं काहीसं. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा दाजींना गप्प बसवेना.

"चला, सुटला एकदाचा. आता मेव्हण्याक निरोप धाडतंय. देवान काय ता स्पष्ट सांगल्यान. ह्या घडीपासून वल्ह्याक हात लावचो नाय."

मी थांबले.

"काय म्हणालात, दाजीनू? ह्या घडीपासून?"

"मगे? गाऱ्हाण्यात तसाच होता. तुझ्या कानार पडाक नाय?"

"पडला," मी म्हणाले. "मगे मी हयसर काय करतंय?"

मी दोन्ही वल्ही उचलून होडीच्या आत ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले.

होडी आपल्या चालीने पुढे गेली, मग आडवी झाली, आणि ओहोटीच्या पाण्याने तिला हळूच खाडीच्या तोंडाकडे ओढायला सुरुवात केली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीला समुद्राच्या लाटा तिथे येऊन फुटतात. लांबून तो पांढरा पट्टा फार सुंदर दिसतो.

"गो, चलव," आपा म्हणाले.

"कशी चलवू? देवान नको म्हटल्यान."

"काठाक लागासर चलव. मगे सोड."

"देवान तसा सांगल्यान, काठाक लागल्यार?"

"मी सांगतंय तुका!"

"तुमी देवापेक्षा मोठे, आपानू?"

मी उद्धटपणे बोलत नव्हते. मला खरोखरच कळत नव्हतं. मी त्यांच्यासमोर शब्द दिला होता, देवाने निकाल दिला होता, आणि तेच लोक मला देवाचा शब्द मोडायला सांगत होते.

"मगे काय बुडवतस आमका?" दाजी ओरडले.

"मी नाय हो. होडी काय, कोणय हाकीत. घेवा, वल्ही थय आसत."

दाजींनी वल्ही घेतली. उजवं वल्हं पाण्यात खोल गेलं, डावं हवेत फिरलं, आणि होडीने स्वतःभोवती एक सुरेख गिरकी घेतली. मग दुसरी. दुसऱ्या गिरकीत एक वल्हं दाजींच्या हातातून सुटलं. मी वाकून ते पाण्यातून धरलं आणि आत ठेवलं. वल्हं मारायला देवाची मनाई होती, वाहून जाणारं वल्हं धरायला नव्हती. मागचे दोघे मानकरी एकमेकांचा हात धरून बसले होते. त्यांना अजून कोणी "व्हय" म्हणायला सांगितलेलं नव्हतं.

पांढरा पट्टा आता ऐकू येऊ लागला.

आपा शहाणे होते. त्यांना एकदम उमगलं की ही बाई आपलं ऐकणार नाही, आणि ज्याचं ऐकेल तो देव पलीकडच्या देवळात. तिथे परत विचारायला जायचं तर होडी लागणार, आणि होडी तर अशी. पण गाऱ्हाणं घालायला देऊळच लागतं असं काही नाही. गावचा मानकरी जिथे उभा राहील तिथून देवाला हाक मारू शकतो. उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून ते होडीत गुडघ्यांवर बसले, प्रसादाच्या नारळाची वाटी डोक्याला लावली आणि त्यांनी देवळाच्या दिशेने तोंड केलं. होडी फिरत असल्यामुळे त्यांनाही सारखं फिरावं लागत होतं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागचे दोघे इतक्या जोरात म्हणाले की काठावरचे बगळे उडाले.

"तू डावो कौल दिलंस, तो आमका मान्य आसा म्हाराजा! पण आमी तुझी लेकरां आडकलव. ह्या बायेक काठापुरती मोकळीक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पहिली लाट बाजूने आली आणि होडी कलंडून सावरली. सगळ्यांची धोतरं भिजली.

"काठापुरती नको म्हाराजा!" आपा ओरडले. "शिमग्यापर्यंत दी! तू सोता हिच्या होडीत बसान अल्याड ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसरी लाट आली. ती मोठी होती. आपांच्या हातातली वाटी गेली.

"हिचे हात चलतत तवसर हिच्याच हातात तर रवांदे म्हाराजा! हिच्या वल्ह्याक येश दी! आणि हिच्या कामात जो कोण आडो येयत, तेचा वाटोळा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या "व्हय"मध्ये सगळ्यात मोठा आवाज दाजींचा होता. आमच्याकडे प्रत्येक गाऱ्हाण्याचा शेवट 'जो आडवा येईल त्याचं वाटोळं' असाच होतो. आपांच्या तोंडून तो सवयीने आला आणि दाजींच्या तोंडून "व्हय"ही सवयीने गेलं. काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि त्यात खारं पाणी गेलं.

मी आपांकडे बघितलं. "झाला गाऱ्हाणां?"

"झाला गो बाये, झाला!"

मी वल्ही घेतली. ओहोटीच्या तोंडातून होडी बाहेर काढताना माझ्या खांद्यांच्या शिरा तुटतील असं वाटलं. बाहू भरून आले, तळवे सोलवटले. मी मनातल्या मनात रवळनाथाला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात देवाला म्हणायचं असं एकही नाव नव्हतं. काठाला लागलो तेव्हा आपा उतरायला उठले आणि त्यांनी आपणहून हात पुढे केला. मी तो धरला.

आता खाडीवर पूल झाला आहे. मोटारी भर्रकन पलीकडे जातात, आणि त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना पुलावर आलं की ती गोष्ट आठवते. गाव ती गोष्ट अशी सांगतो, की द्वारका तारणीने काय डोकं चालवलं! मानकऱ्यांना मधल्या पाण्यात नेलं आणि पाणी पाजलं! मीही कधी नाही म्हटलं नाही. हुशारीचं श्रेय फुकट मिळत असलं तर कोणी सोडू नये. पण मी एवढी हुशार असते तर त्या संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढे अशी ढसाढसा रडले नसते.

सासूने मला रडू दिलं. मग विचारलं, "कौल काय पडलो?"

"डावो."

"आणि मगे?"

मी सगळं सांगितलं. दाजींची गिरकी ऐकून ती हसली नाही. आपांचं गाऱ्हाणं मात्र तिने दोनदा सांगायला लावलं, शब्दन् शब्द.

"म्हणजे तर तुझ्याकडेच रवली."

"रवली. पण देवान माका नाय म्हटल्यान, आये! मी तेच्यार इसवास ठेवन बसलंय आणि तेणा सगळ्यांदेखत माका नाय म्हटल्यान. तर आपांनी दिली. तेणा खय दिल्यान?"

म्हातारी भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली आणि हात पुसले.

"उजवो पडलो असतो तर काय झाला असता?"

"तर माझ्याकडे रवली असती."

"कधीपर्यंत?"

कौल दर वर्षी लावता येतो. पुढच्या जत्रेला दाजींनी परत लावला असता. त्याच्या पुढच्या जत्रेला परत. एखाद्या वर्षी डावी पडलीच असती. पण मानकऱ्याने चार तोंडांनी घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. त्यातून ज्या गाऱ्हाण्यात आडवं येणाऱ्याचं वाटोळं मागितलं आहे, त्याच्या आडवं जाणार कोण? दाजी?

"उजवो पडलो असतो," सासू म्हणाली, "तर तू हसत हसत वल्ही मारलंस असतंस, आणि ते तोंडां फुगवन गप बसले असते. परत येवक मोकळे."

"पण मगे माका आधी सांगूचा होता तेणा! मी मेलंय असतंय थय. माका खरांच वाटला होता काय तेणा माका सोडल्यान. मी सोंग करूक नाय आये, मी खरीच वल्ही सोडली होती."

"म्हणानच तर," ती म्हणाली. "तुका आधी सांगल्यान असता तर तू सोंग केलंस असतंस. आणि दाजीन तां वळाखल्यान असता."

एवढं बोलून तिने भाकरी उलटली, आणि माझे तळवे बघायला दिवा जवळ ओढला.